फुटाळ्याच्या फेऱ्यांनी नाही भागत, भाऊ

रोज पहाटे नागपुरात फुटाळा तलावाच्या काठाने सात-आठ किलोमीटर पळतोस, चांगलंच आहे. पण फुटबॉलच्या मॅचमध्ये साठाव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभा राहतोस ना, त्याचा इलाज या पळण्यात नाही. मिडफिल्डर 90 मिनिटांत 10-12 किलोमीटर कापतो खरा, पण एका लयीत नाही. चालतो, थांबतो, एकदम स्प्रिंट मारतो, वळतो.

म्हणून इंटरव्हल कर. 4 मिनिटं इतकं जोरात की धड वाक्य बोलता येऊ नये, मग 3 मिनिटं हळू जॉगिंग. असे 4 राउंड, आठवड्यातून दोनदा, बस्स. मला विचारशील तर याहून भारी छोट्या मैदानात चार-चारची मॅच. दम तेवढाच लागतो, वर बॉलही पायात राहतो. फक्त त्यात आळशी पोरगा लपून जातो, मीही लपायचो.

जिममध्ये स्क्वॉट पुरे. आणि नॉर्डिक: गुडघे टेकायचे, घोटे मित्राने धरायचे, अंग हळूहळू पुढे सोडायचं. मांडीचा मागचा स्नायू दोनदा फाटल्यावर मला ही अक्कल आली. सुरुवातीला 5-5चे दोनच सेट, नाहीतर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येणार नाही.

मे महिन्यात मात्र सगळं सकाळी सातच्या आत उरकायचं.