जुने ऑपरेटर रिटायर होतायत, त्यांचं ज्ञान जपायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या हो, एक्सेलपण चालतं. त्यात भरणार काय, घोळ तिथं आहे.

मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला होतो. साच्याची वाळू तयार होते त्या सँड प्लांटवरचे जुने ऑपरेटर, आमचे मामा, ५८ पूर्ण झाले म्हणून मे महिन्यात रिटायर. शाल, श्रीफळ, फोटो. मी साहेबांना म्हणालो होतो, सहा महिने कॉन्ट्रॅक्टवर ठेवूया, पोरं तयार होतील. साहेब म्हणाले, "एसओपी आहे की, माणूस कशाला?" एसओपी म्हणजे काम कसं करायचं त्याचा लेखी कागद.

जुलैत ब्लोहोल सुरू झाले, म्हणजे ओतलेल्या मालात वायूची भोकं. एकाच बेअरिंग हाउसिंगला, कोअरच्या (आतली पोकळी पाडणारा वाळूचा गाभा) कडेनं, तेही फक्त सेकंड शिफ्टच्या मालात. लॅबमध्ये वाळूचं मॉइश्चर ३.५ टक्के, म्हणजे एसओपीप्रमाणं एकदम ओके. बेंटोनाइटवाला (वाळू बांधणारी माती देणारा) बदलला, कोअरवाल्याला शिव्या घातल्या, महिना गेला. शेवटी गाडी काढली नि मामांच्या गावी गेलो. ते म्हशीची धार काढत होते. सगळं ऐकून घेतलं आणि मान न वळवता विचारलं, "वाळू ऊन येतीया काय बेल्टवर?"

येत होती. टार्गेट वाढल्यापासून बॉक्स लवकर नॉकआउटला, म्हणजे साचा फोडून माल काढायला, जायचे, दुपारपर्यंत तीच वाळू चार-पाच फेऱ्या मारायची, गार व्हायला वेळच नाही, आणि ऊन वाळूतली वाफ गार कोअरवर दवासारखी बसते, धातू ओतला की तिथंच ब्लोहोल. मामा वाळूला हात लावायचे, चटका बसला की ती बाजूला ढिगात आणि कालची गार वाळू मिक्सरला. वर्षानुवर्षं. एसओपीत हे नव्हतं, कारण लिहिलं असतं तर प्रॉडक्शनवाल्यांनी दुसऱ्या दिवशी बंद केलं असतं.

आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या स्टँडर्डमध्ये २०१५पासून ७.१.६ हे कलमच आहे, संस्थेचं ज्ञान जपा म्हणून. आम्ही ऑडिटला ट्रेनिंगची फाइल दाखवली, सह्यांसकट. पास.

तर माणूस जायच्या वर्षभर आधी त्याला एक पोरगा चिकटवा, परमनंटमधला, कंत्राटी पोरगं शिकेपर्यंत निघून जातं. आणि "काय करता" विचारू नका, "एसओपी सोडून काय करता" विचारा, नि कबूल केलं म्हणून मेमो देऊ नका. रिटायर झाल्यावर बोलावलंत तर पैसे द्या, चहावर भागवू नका.

मामांचं सगळंच बरोबर होतं असं नाही हां. अमावस्येला नवीन पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) लावू द्यायचे नाहीत, ते कुठल्या कॉलममध्ये टाकणार?

आमच्या एसओपीत आता वाळूच्या तापमानाची ओळ आहे. खाली 'तयार करणार' म्हणून सही साहेबांची.