शिट्टी वाजवणारा खुनी आणि कोटावर खडूने उमटवलेलं अक्षर, असा जुना जर्मन चित्रपट कोणता?

तुम्ही म्हणताय तो 'एम', १९३१ चा. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, आणि हा त्याचा पहिला बोलपट. एम म्हणजे 'म्योर्डर', जर्मनमध्ये खुनी.

लहान मुलांना मारणारा एक माणूस शहरात मोकाट फिरतोय. पोलिसांच्या धाडींमुळे चोर-दरोडेखोरांचे धंदे बसतात, म्हणून तेही त्याला शोधायला लागतात, आणि त्यासाठी भिकाऱ्यांना कोपऱ्या-कोपऱ्यावर पहाऱ्याला बसवतात. पण त्याला ओळखतो कोण, तर फुगे विकणारा एक आंधळा! खुनी नेहमी वाजवतो ती, नॉर्वेजियन संगीतकार ग्रीगची धून शिट्टीवर ऐकून. मग एक पोरगा तळहातावर खडूने 'एम' काढतो, धक्का लागल्याचं सोंग करतो आणि खुन्याच्या खांद्यावर छाप उमटवतो. (शिट्टी खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लॉरची नाही बरं का, त्याला वाजवता येत नव्हती. ती स्वतः लांगची.)

रक्त कुठेच दिसत नाही. आई जेवणाचं ताट मांडून लेकीला, एल्सीला हाका मारतेय, आणि पडद्यावर रिकामा जिना, घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. एवढंच. मला अजूनही तो फुगा बघवत नाही.

शेवटी गुन्हेगारच त्याच्यावर खटला चालवतात. तिथलं लॉरचं भाषण चुकवू नका. खुन्याची कीव यायला लागते आणि आपलाच राग येतो.

जाता जाता: सहलेखिका थेआ फॉन हार्बू तेव्हा लांगची बायको. पुढे तिने लग्न केलं ते मराठी पत्रकार अयि तेंडुलकरांशी.