नव्याने बांधलेल्या इंजिनात क्रँककेसला जोरदार ओढ आणि आयडलिंग अस्थिर: तपास कुठून सुरू करावा?

तुम्ही लिहिलेली लक्षणं थोडक्यात अशी. व्ही-६ पेट्रोल इंजिन नुकतंच पूर्ण बांधलं, दोन्ही हेडना फेसिंग केलं (बसण्याची बाजू घासून सपाट केली). स्टार्ट लगेच होतं, पण आयडलिंग (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू ठेवणं) ७०० ते १२०० आरपीएममध्ये सतत खालीवर होतं. मागच्या बाजूने बारीक शिट्टी येते. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढायला गेलं तर ते आतून कोणी धरून ठेवल्यासारखं निघत नाही, आणि निघालं की इंजिन बंद पडतं. मेकॅनिकचं म्हणणं, रिंगा बसल्या नाहीत, इंजिन परत उतरवू.

कृपा करून एवढ्यात इंजिन उतरवू देऊ नका. रिंगा नीट बसल्या नसतील तर सिलिंडरमधला वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट असलेल्या खालच्या पोकळीत, दाब वाढतो. झाकण काढलं की धूर बाहेर फेकला जातो, डिपस्टिक वर उचलली जाते. तुमच्याकडे नेमकं उलट चाललंय. तुमच्या इंजिनात एवढी ओढ (व्हॅक्यूम) तयार होण्याची जागा एकच, ती म्हणजे थ्रॉटलच्या (हवेच्या मुख्य झडपेच्या) पलीकडचं, सिलिंडरांना हवा वाटून देणारं इनटेक मॅनिफोल्ड. म्हणजे मॅनिफोल्डची ओढ कुठल्यातरी वाटेने क्रँककेसपर्यंत पोहोचतेय. त्यातली एक वाट कारखान्यानेच ठेवलेली असते, पीसीव्ही व्हॉल्व्हची (क्रँककेसमधला वायू मॅनिफोल्डमध्ये सोडणाऱ्या झडपेची). प्रश्न एवढाच आहे की ती वाट गरजेपेक्षा मोकळी झालीय, का ताजी हवा आत येण्याची वाट बुजलीय, का जोडणीत एखादी तिसरीच वाट उघडी राहिलीय.

झाकण काढल्यावर इंजिन बंद पडलं यावरून काहीही ठरवू नका. एअर फ्लो सेन्सर असलेल्या बऱ्याच निरोगी इंजिनांतही तसं होतं, कारण झाकणातून शिरलेली हवा सेन्सरने मोजलेलीच नसते. ओढ हाताने जोखायची नाही, मोजायची. त्यासाठी महागडं काही लागत नाही. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तशी पारदर्शक नळी यू आकारात उभ्या फळीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे तुमचं रीडिंग. साध्या पीसीव्ही व्हॉल्व्हच्या बहुतेक इंजिनांत आयडलिंगला हा फरक काही सेंटिमीटरच असतो. पडद्याचा रेग्युलेटर असलेल्या काही नव्या इंजिनांत तो मुळातच जास्त ठेवलेला असतो, तेव्हा मॅन्युअलमधला आकडा पाहा.

एक काळजी मात्र नक्की घ्या. पाण्याची नळी आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड, न चेपणारी रिकामी बाटली जोडा. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये साधारण १८ ते २२ इंच पाऱ्याइतकी ओढ असते आणि १ इंच पारा म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर पाणी. म्हणजे मॅनिफोल्डची पूर्ण ओढ ६ मीटरहून जास्त पाणी चढवू शकते. तिचा थोडा भाग जरी क्रँककेसमध्ये पोहोचला तरी नळीतलं पाणी थेट ऑइलमध्ये जाईल.

रीडिंग घेताना आधी एअर फिल्टरकडून हेडवरच्या टॅपेट कव्हरकडे ताजी हवा आणणारा ब्रीदरचा पाइप कव्हरवरून काढा. पाण्याचा फरक लगेच शून्याजवळ आला तर दोष ताज्या हवेच्या वाटेत आहे. तो पाइप तोंडाने फुंकून बघा. पाइप मोकळा निघाला तर त्याचं वरचं टोक भलत्याच ठिकाणी जोडलंय का ते बघा. जोडताना दोन पाइपांची अदलाबदल होणं फार सोपं आहे.

फरक पडला नाही, तर पाइप परत जोडा आणि पीसीव्हीचा पाइप पक्कडीने हलकेच दाबून बंद करा. ओढ गेली आणि आयडलिंग शांत झालं तर दोषी व्हॉल्व्ह, किंवा पडदा असेल तर फाटलेला पडदा. इथे बरेच जण व्हॉल्व्ह कानाजवळ हलवतात, खुळखुळला की चांगला म्हणतात. त्यावरून फक्त तो अडकलेला नाही एवढंच कळतं. आयडलिंगला जोरदार ओढ व्हॉल्व्हमधली सुई खेचून वाट अरुंद करते, आणि किती अरुंद करायची हे स्प्रिंग आणि सुईचा आकार ठरवतो. बाहेरून हुबेहूब दिसणारा दुसऱ्या इंजिनाचा व्हॉल्व्ह बसवला तर तो दुप्पट हवा सोडू शकतो. तुम्ही जास्त ओव्हरलॅपचा (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा) कॅम टाकला असेल तर मॅनिफोल्डची ओढच कमी होते, सुई मधेच फडफडते आणि तिच्यासोबत आयडलिंगही.

आता ज्या चाचणीसाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ती. पीसीव्हीचा पाइप काढा आणि मॅनिफोल्डकडचं त्याचं तोंड बुचाने पक्कं बंद करा. ब्रीदरचं तोंड बंद करा, पीसीव्हीचं भोकही बंद करा. कव्हरवरून काढलेल्या ब्रीदरच्या पाइपलाही बूच लावा, नाहीतर न मोजलेली हवा आत जाईल. आता क्रँककेसला बाहेरच्या जगाशी जोडणारी फक्त तुमची पाण्याची नळी उरली. इंजिन सुरू करा. नीट बांधलेल्या इंजिनातही रिंगांमधून थोडा वायू उतरतोच, त्यामुळे पाणी हळूहळू दाबाच्या बाजूला सरकलं पाहिजे. ते दिसलं की लगेच बंद करा. मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नका, नाहीतर दाब सीलना बाहेर ढकलेल. पण सगळं बंद असूनही पाणी ओढीच्या बाजूला गेलं, तर मॅनिफोल्ड आतल्या आत क्रँककेसमधून हवा खेचतंय.

तुम्ही हेडना फेसिंग केलंय, म्हणून माझा संशय इथेच जास्त आहे. व्ही इंजिनात हेडचा थर कमी झाला की दोन्ही हेड खाली सरकतात, त्यांच्यामधली जागा अरुंद होते आणि मॅनिफोल्ड नीट आत न बसता थोडं वर राहतं. पोर्ट आणि बोल्टची भोकं एकमेकांसमोर येत नाहीत, बोल्ट कसून ओढले तरी गॅस्केट खालच्या कडेला दाबलं जात नाही. मॅनिफोल्डच्या खालची दरी थेट क्रँककेसला उघडी असेल तर हवा आणि ऑइलचे कण तिथून पोर्टमध्ये जातात. बाहेरून स्प्रे मारून ही गळती कधीच सापडत नाही, कारण तिथे स्प्रे पोहोचतच नाही. काही इंजिनांत ती दरी वेगळ्या झाकणाने बंद असते किंवा कोरडी असते. तुमचं तसं असेल तर ही शक्यता सोडा आणि इनटेक व्हॉल्व्हचे गाइड व स्टेम सील तपासा.

खात्रीसाठी स्पार्क प्लग काढून पाहा. ऑइलने ओले असलेले प्लग कोणत्या सिलिंडरचे आहेत ते लिहून ठेवा. मग मॅनिफोल्ड उतरवा. पोर्टच्या तळाला ताज्या ऑइलचा ओघळ आणि गॅस्केटच्या खालच्या कडेला दाबाची खूणच नाही, हे दिसलं की शोध संपला. मॅनिफोल्डच्या दोन टोकांखालची, पुढची आणि मागची गॅस्केटची पट्टी न लावता मॅनिफोल्ड कोरडं ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) चारही कोपरे तपासा. कधीकधी त्या दोन पट्ट्याच जाड असतात आणि मॅनिफोल्ड उचलून धरतात. पट्ट्यांशिवायही बसत नसेल तर मॅनिफोल्डच्या बाजूही प्रमाणात घासून घ्याव्या लागतात. जाड सिलिकॉन भरून वेळ मारून नेऊ नका, ते पेट्रोलपुढे टिकत नाही.

शिट्टीबद्दल. ती बहुधा रिअर मेन सीलची (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाच्या सीलची) आहे. ओढीमुळे सीलच्या ओठाखालून हवा आत जाते आणि तो थरथरतो. झाकण सैल करताच शिट्टी थांबली तर सील मूळ दोषी नाही, ओढ कमी झाली की तेही गप्प बसेल. नंतर काही दिवस तिथे ऑइल पाझरतंय का एवढं बघा. टेफ्लॉनचं सील ऑइल लावून बसवलं असेल तर मात्र ते गळण्याची शक्यता आहे, कारण बहुतेक टेफ्लॉन सील कोरड्याच बसवायच्या असतात.

तुमच्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. एअर फ्लो सेन्सर असेल तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, पेट्रोलमध्ये केलेली दुरुस्ती) आयडलिंगला खूप अधिक आणि २५०० आरपीएमला जवळपास सामान्य दिसेल, ही न मोजलेल्या हवेची खूण आहे. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर तो ही जास्तीची हवाही हिशोबात धरतो, त्यामुळे ट्रिम फारशी हलत नाही, आरपीएम चढतो आणि ईसीयू तो खाली आणायला धडपडतो. तुमचं ७०० ते १२०० खालीवर होणं यातलंच असू शकतं.

बंद चाचणीत दाब दिसला आणि तरीही आयडलिंग खालीवर होत राहिलं, तर क्रँककेस सोडा. इंजेक्टरचे ओ-रिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप, आणि मॅनिफोल्डची ओढ स्थिर पण कमी असेल तर टायमिंग चेन एखादा दात चुकलीय का, या क्रमाने बघा.

झाकण बंद असताना आयडलिंगचं रीडिंग, ब्रीदर काढल्यावरचं, पीसीव्ही दाबल्यावरचं आणि सगळं बंद केल्यावरचं, असे चार आकडे सेंटिमीटरमध्ये आणि ओल्या प्लगचे सिलिंडर नंबर इथे लिहा. मॅनिफोल्ड उतरवायचं का नाही ते त्यावरून ठरवता येईल.