एक प्यादं जास्त, तरी डाव बरोबरीत का सुटतो?

दादर-पार्ल्याच्या रॅपिड (जलद) बुद्धिबळ स्पर्धांत हत्ती-प्याद्याच्या शेवटात, म्हणजे पटावर राजांसोबत हत्ती आणि प्यादीच उरल्यावर, एक प्यादं जास्त असूनही डाव जिंकता येत नाही, असं का, हे विचारलंत. बहुतेक वेळा घाई नडते: प्यादं सातव्या घरात पोचतं, राजा त्याच्यापुढे आठव्यात अडकतो, बाहेर पडला की शहांचा मारा सुरू.

इथे पूल बांधायचा, म्हणजे आपला हत्ती मध्ये घालून राजाला शहांपासून आडोसा द्यायचा. (खाली अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ.) पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. खेळी पांढऱ्याची. आधी हत्ती एफ४! (चौथ्याच ओळीत, कारण शेवटी आडोसा तिथेच लागतो.) समजा काळा हत्ती एच१. मग आळीपाळीने, आधी पांढरा: हत्ती ई४ शह, राजा डी७, आता राजा एफ७, हत्ती एफ१ शह, राजा जी६, हत्ती जी१ शह, राजा एफ६, हत्ती एफ१ शह, राजा जी५, हत्ती जी१ शह, हत्ती जी४. शह संपले, वजीर होणारच.

प्यादं ए किंवा एच पट्टीतलं असेल तर मात्र हा पूल चालत नाही. म्हणून आधीच्या अदलाबदलीत कडेचं प्यादं उरू देऊ नका. आणि एक प्यादं जास्त असताना मारामारीत मोहरी संपवा, प्यादी नव्हे.

सराव लोकलमध्ये मोबाइलवर इंजिनविरुद्ध (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमविरुद्ध) करा, बोरिवलीपर्यंत सात-आठ वेळा सहज होतो.