‘दोन लाख टनांचे जहाज’ म्हणजे नेमके काय?

मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’ या कंटेनर जहाजाला कुठे ‘दोन लाख टनांचे’, तर कुठे ‘२ लाख २० हजार टनांचे’ म्हटले गेले. यांतले बरोबर कोणते, असा प्रश्न विचारला गेला आहे. आकडे दोन्ही बरोबर आहेत, परंतु पहिला भाराचा आहे आणि दुसरा जागेचा. रिकाम्या जहाजाचे वजन मात्र यांपैकी एकही सांगत नाही.

पहिल्याला दर्यावर्दी ‘डेडवेट’ म्हणतात. जहाजाच्या कुशीवर रंगवलेल्या वर्तुळातून जी आडवी रेघ जाते, तिथपर्यंत ते पाण्यात बुडेस्तोवर त्यात माल, इंधन, गोडे पाणी, शिधा आणि माणसे मिळून जेवढा भार चढवता येतो, तो हा आकडा. दुसरे ‘ग्रॉस टनेज’. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार (तो १९८२ मध्ये अमलात आला) जहाजातील बंदिस्त जागेच्या घनमीटरांवरून ते सूत्राने काढतात आणि त्याला एकक नसते. त्यापूर्वी १०० घनफूट जागेला एक ‘रजिस्टर टन’ धरत.

हा घोळ मुळातलाच आहे. मध्ययुगात बोर्दोहून इंग्लंडला द्राक्षमद्य नेणाऱ्या जहाजांत किती पिंपे मावतात यावरून त्यांचा आकार ठरे, आणि त्या मोठ्या पिंपाचे नावच ‘टन’ होते. पिंप जागाही अडवी आणि भारही घाली. आपल्याला यात नवल वाटू नये, कारण खंडी हेही वजन आणि धान्याचे माप असे दोन्ही होतेच.

फरक किती पडतो पाहा. अलंगला मोडीत निघालेल्या ‘सीवाइज जायंट’ या तेलवाहू जहाजाचे डेडवेट सुमारे ५ लाख ६४ हजार टन होते, ग्रॉस टनेज मात्र सुमारे २ लाख ६० हजार. ‘आयकॉन ऑफ द सीज’ या प्रवासी जहाजाचे ग्रॉस टनेज २ लाख ४८ हजारांच्या घरात, म्हणजे जवळपास तेवढेच आहे. पण मजल्यांवर मजले चढवलेल्या या जहाजाची भार वाहण्याची ताकद त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

म्हणून मराठीत पहिल्यासाठी ‘भारक्षमता दोन लाख टन’ असे लिहावे, आणि दुसऱ्यासाठी ‘ग्रॉस टनेज २ लाख २० हजार’ एवढेच, पुढे ‘टन’ न जोडता. युद्धनौकेच्या बातमीतले टन तर तिसरेच, म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असते. तेथे ‘विस्थापन’ हा शब्द गाळू नये.