शेवटच्या बाकावरच्या मावशी

प्रिय लेकरा,

जय ख्रिस्त. परवा जालन्याला उपासनेत तू ड्रम वाजवत होतास, तेव्हा मी खांबाआड बसलो होतो. हात चांगला बसलाय तुझा. पण दुसऱ्या कडव्याला शेवटच्या बाकावरच्या मावशींनी पुस्तक मिटलं, ते पाहिलंस का? भजन ना. वा. टिळकांचं, मावशींना तोंडपाठ. तुझी क्रॅशची मोठी झांज कडाडली आणि त्यांना स्वतःचाच सूर सापडेना. वर पत्रे, खाली फरशी. असल्या जागेत आवाज विरत नाही, घोंघावत राहतो.

माझे आजोबा हलगी वाजवायचे. काटक्यांच्या जाळावर ती शेकायची, टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा शेकायची. वाजवण्याआधी त्यांचा निम्मा वेळ ऐकण्यातच जायचा. मी ड्रमवर बसलो आणि नेमकं तेवढंच विसरलो.

उज्जीवन सभांमधून मी बावीस वर्षं वाजवलं. कार्यक्रम संपला की रात्रभर कानात शिट्टी वाजायची. मी म्हणायचो, दमलोय. एकदा कापसाचे बोळे घातले, तर एक भाऊ म्हणाले, "विश्वास कमी पडला का?" मी मुकाट्यानं काढले. ते भाऊ स्वतः वचन वाचायला चष्मा लावायचे, हे मला तेव्हा सुचलं नाही. (कापसानं तसाही फारसा फरक पडत नाही, ती गोष्ट वेगळी.)

आता नात "सात" म्हणाली की "हात", ते तिच्या ओठांकडे बघून ओळखतो. तपासणीच्या आलेखात 4000 हर्ट्झजवळ मोठा खड्डा निघाला. मोठ्या आवाजानं आधी तिथलंच ऐकू येणं जातं, आणि "स"सारखी बारीक व्यंजनं साधारण त्याच पट्ट्यात असतात. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या केसपेशी जेमतेम 15,000 असतात. मेलेली पेशी माणसाला पुन्हा फुटत नाही.

हिशेब ध्यानात ठेव. 85 डेसिबल आवाज कानाला दिवसाला 8 तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं. बंद खोलीत ड्रम सहज 100 ओलांडतो, आणि तुमचा सराव चालतो दोन तास. सरावाला स्नेअरवर टॉवेल टाक. उपासनेला बारीक काड्यांची मोळी असते ना, त्या रॉड्सनं वाजव. मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेला स्पीकर, ऐकू येत नसला की साउंडवाल्याला "वाढव" म्हणायच्या आधी स्वतःचा हात हलका करून बघ. फोमचा बोळा बोटात वळून बारीक कर, दुसऱ्या हातानं कान वर ओढून आत सरकव आणि फुगेपर्यंत धरून ठेव. त्यानं झांजेची चमक दबते, गाणं गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतं. पैसे जमले की वादकांसाठीचे फिल्टरवाले घे, त्यात सूर बऱ्यापैकी तसेच राहतात.

कुणी तुला 150 वं स्तोत्र दाखवील, मोठ्यानं वाजणाऱ्या झांजांचं. मीही दाखवायचो. पण स्तोत्रकर्त्याच्या डोक्यावर आपले पत्रे नव्हते. आणि होरेब डोंगरावर एलीयाला वारा, भूकंप, अग्नी यांच्यात परमेश्वर सापडला नाही. नंतर जी मंद वाणी आली, ती ऐकून त्यानं झग्यानं तोंड झाकलं. मी त्या डोंगरावर असतो तर बहुतेक पुढचा रोल वाजवत बसलो असतो.

येत्या रविवारी पहिलं कडवं वाजवूच नको. काठ्या मांडीवर ठेव आणि मावशींचा आवाज शोध. सापडला की पायानं वाजणारा किक ड्रम हळूच सुरू कर, आणि तो आवाज पुन्हा हरवला तर चूक तुझी समज, त्यांच्या वयाची नको.

पाकिटात बोळ्यांचे दोन जोड आहेत. एक तुझा. दुसरा ऑक्टापॅड वाजवणाऱ्या पोराला दे, तो क्रॅशच्या अगदी शेजारी बसतो.

तुझा,
काका