‘त्याला न सांगता औषध देऊ का?’

“डॉक्टरांकडे यायला तो तयारच नाही. चहातून थेंब दिले तर चालतील का?” समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणारी व्यक्ती बहुधा आई, बहीण किंवा पत्नी असते. कित्येक रात्री न झोपलेली, शेजाऱ्यांना तोंड देऊन थकलेली आणि आपले माणूस हातचे जाईल या भीतीने खचलेली अशी ती असते. म्हणून या प्रश्नावर कुणाला रागावणे मला कधीच जमले नाही. पण उत्तर मात्र मी स्पष्टपणे ‘नाही’ असेच देते. ते तसे का देते, हे एका घराच्या अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो सत्तावीस वर्षांचा. आयटीआय करून चाकणच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून लागला होता. रात्रपाळ्या सुरू झाल्या, झोप मोडली, आणि हळूहळू सोबतचे कामगार आपल्याविषयी बोलतात, आपल्या डब्यात काहीतरी मिसळतात असे त्याला वाटू लागले. नोकरी सोडून तो गावी आला, तेव्हा घरच्यांनी वर्षभर वाट पाहिली, बाहेरचे काही असेल म्हणून दोन ठिकाणी दाखवलेही. शेवटी एका पहाटे ‘देवदर्शनाला जाऊ’ असे सांगून त्याला गाडीत बसवले आणि गाडी थेट एका खासगी रुग्णालयाच्या फाटकात नेली. तिथे चार माणसांनी त्याला धरले आणि इंजेक्शन दिले. तीन आठवड्यांनी तो घरी परतला, तेव्हा त्याचा संशय थोडा निवळला होता. पण आपल्याला काय झाले होते, गोळ्या कशाच्या आहेत आणि त्या किती दिवस घ्यायच्या, यांतले काहीही त्याला कुणी सांगितले नव्हते. दोन महिन्यांत त्याने गोळ्या बंद केल्या. त्यानंतर तो कुठल्याही चारचाकीत बसला नाही.

पुन्हा त्रास वाढला, तेव्हा घरच्यांनी कुणाच्या तरी सल्ल्याने रंग-चव नसलेले थेंब आणले आणि आई ते सकाळच्या चहात घालू लागली. पहिले काही दिवस तो शांत दिसला. मग त्याचे हात कापू लागले, मान आखडू लागली, उशीवर लाळ गळू लागली. आपल्या शरीरात काहीतरी शिरते आहे, हे त्याला कळत होते. फक्त ते कुठून शिरते आहे, हे कळत नव्हते. त्याने आधी चहा सोडला, मग भाजी, मग भाकरी. त्याची थोरली बहीण माझ्याकडे आली, तेव्हा तो केवळ केळी, उकडलेली अंडी आणि भुईमुगाच्या शेंगा यांवर जगत होता. ज्याला साल आहे, ज्यात बाहेरून काही घालता येत नाही, तेवढेच तो खात होता, आणि अंड्याला कुठे बारीक भोक तर नाही ना, हे उजेडात धरून पाहत होता.

हे ऐकल्यावर मी बहिणीला विचारले, “तुमच्या भावाचा संशय काय आहे?” ती म्हणाली, “घरचे जेवणात काहीतरी घालतात.” आणि पुढच्याच क्षणी तिच्या डोळ्यांत पाणी आले, कारण तो जे म्हणत होता ते या घरापुरते खरेच होते. चोरून औषध देण्यातला सर्वांत मोठा धोका मला हाच वाटतो. ज्या माणसाच्या आजाराचे रूपच अविश्वासाचे आहे, त्याच्या अविश्वासाला आपण स्वतःच्या हाताने पुरावा देतो. शिवाय मात्रा बरोबर जाते की नाही, दुष्परिणाम होत आहेत का, इतर कुठला आजार किंवा औषध आड येते का, हे पाहायला कुणी उरत नाही, आणि आपल्याला बरे वाटण्याचा औषधाशी काही संबंध आहे हे त्या माणसाला कधीच उमगत नाही. मग उघडपणे गोळी घेण्याचे कारण तरी त्याला कुठून सापडणार?

मी त्याच्या घरी गेले, पण तो स्वतः ‘या’ म्हणाला तेव्हाच. बहिणीने त्याला आधी सांगितले होते की एक समुपदेशक येणार आहेत, त्या डॉक्टर नाहीत, त्यांच्याकडे इंजेक्शन नसते, आणि तू नको म्हणालास तर त्या येणार नाहीत. दोन वेळा त्याने नको सांगितले, तिसऱ्यांदा म्हणाला, “अंगणात बसू दे, घरात नको.” तो ओट्यावर बसला, मी समोर खुर्ची टाकून बसले. त्याचा पहिलाच प्रश्न होता, “मॅडम, मला न्यायला आलात का?” मी म्हटले, “नाही. आणि कधी कुठे जायची वेळ आलीच, तर ते सगळ्यांत आधी तुम्हाला कळेल, हा माझा शब्द.” त्या दिवशी आम्ही विषाविषयी बोललो नाही. तुमचा समज चुकीचा आहे असेही मी म्हटले नाही आणि बरोबर आहे असेही म्हटले नाही. कुणाचा पक्का समज वाद घालून उतरत नाही आणि त्याला होकार देणे हीही फसवणूकच ठरते. मी एवढेच विचारले की या सगळ्यात तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो. तो बराच वेळ शेंग सोलत राहिला, मग म्हणाला, “झोप. तीन महिने झोप नाही.”

संमतीची सुरुवात बहुतेकदा अशाच एका शब्दापासून होते. ‘तुला मानसिक आजार आहे, हे मान्य कर’ असा आग्रह धरला की माणूस दार लावून घेतो; पण झोप त्यालाही हवी होती आणि घरच्यांनाही. तेवढ्यावर आमचे एकमत झाले. आजार मान्य असणे आणि मदत मान्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीसाठी पहिलीची वाट पाहत बसण्याची गरज नसते, हे मी घरच्यांना अनेकदा समजावून सांगते.

खरी कसोटी त्यानंतर होती. थेंबांविषयी त्याला सांगायला हवे, असे मी म्हटल्यावर वडील उठून उभेच राहिले. “सांगितलं तर घर सोडून जाईल तो. मग शोधायचं कुठं?” त्यांची भीती खोटी नव्हती, म्हणून आम्ही घाई केली नाही. मी आधी जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांशी बोलले. लाळ, कंप आणि आखडलेली मान यांचे वर्णन ऐकून त्यांनी थेंब थांबवायला आणि त्याला लवकरात लवकर तपासायला सांगितले. मग एका दुपारी, बहीण आणि मी समोर असताना, आईने त्याच्यासमोर ती बाटली ठेवली आणि म्हणाली, “हे मी चहात घालत होते. तू बरा व्हावास म्हणून. पण तुला न सांगता केलं, ते चुकलं माझं.” तो काही बोलला नाही. त्या रात्री आणि पुढच्या रात्रीही तो गोठ्यात झोपला. तिसऱ्या दिवशी त्याने बाटली मागून घेतली, तिच्यावरचे नाव वहीत उतरवले आणि बहिणीला म्हणाला, “हे माझ्या अंगात किती गेलं, ते मला डॉक्टरांना विचारायचंय.” तो रुग्णालयात गेला तो हा प्रश्न घेऊन, मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून.

मधल्या त्या दोन रात्रींविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ऐच्छिक उपचार म्हणजे माणसाला त्याच्या मर्जीवर सोडून देणे, असा गैरसमज पुष्कळांचा असतो. मी त्याला सरळ विचारले होते, “जीव द्यावा असे विचार येतात का?” असे विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरेल, अशी भीती लोकांना वाटते, पण अनुभव असा आहे की विचारल्याने माणसाचे ओझे हलके होते. तो म्हणाला, “येतात, पण आईकडं बघून थांबतो.” त्यानंतर आम्ही शेतीची कीटकनाशके घरातून काढून गावातल्या चुलत्यांच्या कुलूपबंद खोलीत ठेवली, आणि तेही त्याला सांगूनच. तो, त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि मेहुणे यांनी मिळून ठरवले की रात्री एक जण गोठ्याबाहेर खाटेवर झोपेल. कोण येणार ते संध्याकाळी त्याला कळवायचे, एकाच वेळी घोळक्याने जायचे नाही, उपदेश करायचा नाही, त्याला बोलावेसे वाटले तर ऐकायचे. मित्र कॅरम बोर्ड घेऊन यायचा. गावातल्या आशा आरोग्यसेविका दिवसाआड डोकावून जात. बहिणीच्या मोबाइलमध्ये टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक होता. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या या सेवेवर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, आणि पहिल्या रात्री दीड वाजता तिने तिथे फोन केलाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले, ही मला त्या भेटीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मान का आखडली, लाळ का गळत होती, हे त्यांनी कागदावर लिहून समजावले. “हा औषधाचा परिणाम आहे, तुमचा भास नाही,” असे ते म्हणाले, तेव्हा त्याचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. झोपेसाठी आणि मनातल्या भीतीसाठी त्यांनी दुसरे औषध कमी मात्रेत सुचवले आणि त्याला विचारले की घ्यायची तयारी आहे का. गोळ्यांची पट्टी त्याने स्वतःच्या खिशात ठेवली.

“पण तो कधीच तयार झाला नसता तर?” बहिणीने मला हे नंतर विचारले आणि प्रत्येक कुटुंब विचारते. याचे उत्तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये आहे. या कायद्याने स्वेच्छेने दाखल होणे हाच मुख्य मार्ग मानला आहे. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, किंवा माणूस स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, आणि त्याला त्या वेळी उपचारांविषयी निर्णय घेण्यासाठी मोठ्या आधाराची गरज असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला आधार देण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या) अर्जावरून, एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासल्यानंतर, जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी त्याला दाखल करून घेता येते. दाखल केल्याची माहिती याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते, आणि तिथे दादही मागता येते. साखळीने बांधून ठेवण्यास या कायद्याने पूर्ण बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेली माणसे पळू न शकल्याने जळून गेली. ती बातमी वाचल्याचे मला आजही आठवते. म्हणजे जीव वाचवण्यासाठी कधी तरी इच्छेविरुद्ध दाखल करण्याची वेळ येऊ शकते, हे मी नाकारत नाही. पण तेव्हाही खोटे बोलण्याची गरज नसते. “आम्हाला तुझी भीती वाटते, म्हणून आम्ही तुला दवाखान्यात नेत आहोत, मी तुझ्यासोबत तिथे राहणार आहे,” हे वाक्य माणूस चिडलेला असला तरी ऐकतो आणि पुढे लक्षात ठेवतो.

सोबत राहण्याला मी फार महत्त्व देते. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांच्याजवळ राहू दिले होते. घरच्यांना आजार समजू लागला आणि रुग्णांना आपण टाकले गेलो असे वाटेनासे झाले. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातील गावांत ‘आत्मीयता’ या उपक्रमाने गावातल्याच स्वयंसेवकांना त्रासात असलेल्या माणसाचे ऐकून घ्यायला शिकवले. गोठ्याबाहेरच्या खाटेवर झोपणारा मित्र कुठल्याही प्रशिक्षणाला गेला नव्हता, पण काम त्याने तेच केले.

या गोष्टीला आता दोन वर्षे झाली. मधे एकदा त्याने मनानेच गोळी अर्धी केली आणि आठवड्याभरात झोप गेली. पण या वेळी त्याने स्वतः बहिणीला फोन केला. सकाळी तो गावातल्या दूध डेअरीवर दुधाची मापे नोंदवतो. घरी जेवतो, मात्र ताट अजूनही स्वतःच वाढून घेतो आणि आईने ते मान्य केले आहे.

गेल्या दिवाळीआधी तो माझ्याकडे एक कागद घेऊन आला. पुन्हा त्रास वाढला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे कुणाही सज्ञान व्यक्तीला आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार याच कायद्याने दिला आहे. तातडीच्या उपचारांना तो निर्देश लागू होत नाही, एवढे मी त्याला आधी सांगितले होते. प्रतिनिधी म्हणून त्याने बहिणीचे नाव लिहिले होते, साक्षीदार म्हणून मित्राची आणि डेअरीच्या सचिवांची सही घेतली होती. कुठले औषध सोसत नाही, ते नावानिशी नमूद होते. सोबत कोण हवे, त्यात आईचे नाव होते. आणि पहिल्या ओळीत, इतर मजकुराहून मोठ्या अक्षरांत, त्याने लिहिले होते: “गाडी कुठे जाणार आहे, ते मला बसण्याआधी सांगावे.”